एका धड्याचा खटला

१९२५ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील डेटन या गावी मोठी गर्दी लोटली होती. डेटन हे टेनेसी राज्यातील एक आडबाजूचे गाव. त्याची वस्ती तेव्हा दोन हजारांच्याही आत होती. एरवी या गावाचे नाव वृत्तपत्रांत कधी येत नसे. परंतु त्या महिन्यात निरनिराळ्या शहरांतून शंभराहून अधिक वार्ताहर तेथे येऊन उतरले होते. शिकागो येथील एका नभोवाणी केंद्राने न्यायालयाच्या दालनात आपली यंत्रे बसविली होती, आणि तेथे उच्चारलेला शब्द दूरदूरच्या घरांत ऐकू जात होता. रस्त्यांवर सरबताची व खाद्यपदार्थांची दुकाने थाटली होती, आणि खेळण्यातील माकडे हातोहात विकली जात होती.

दालनात असह्य उकाडा होता. वकिलांनी अंगातील कोट काढून ठेवले होते आणि जो तो हातातील पंख्याने वारा घेत होता. सर्वांचे डोळे एका तरुणाकडे लागले होते. तो कोणी चोर नव्हता किंवा दरोडेखोर नव्हता. त्याचे नाव जॉन स्कोप्स. वय चोवीस वर्षांचे. तो गावच्या शाळेत शिक्षक होता. आपल्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचा एक धडा शिकविल्याचा आरोप त्याच्यावर होता!

धडा शिकविणे हा गुन्हा कसा होऊ शकतो, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१८५९ साली चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने सजीवांच्या उत्पत्तीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वीवरील प्राणी व वनस्पती आज जशा दिसतात तशाच त्या आरंभापासून नव्हत्या. कोट्यवधी वर्षांच्या ओघात त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या बारीकसारीक बदल होत गेले आणि त्यांतून नवनव्या जाती निर्माण झाल्या, असे त्याने दाखवून दिले. या विचाराला उत्क्रांतिवाद असे म्हणतात. हा विचार डार्विनला घरबसल्या सुचला नव्हता. पाच वर्षे जगप्रवास करून त्याने दगडांत दडलेले प्राचीन प्राण्यांचे अवशेष पाहिले होते, बेटाबेटांवरील पक्षी न्याहाळले होते, आणि परत आल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ आपले पुरावे पुन्हा पुन्हा पारखून घेतले होते.

मनुष्यही याच नियमाला अपवाद नाही, असे शास्त्रज्ञ म्हणू लागले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. आजची माकडे हीच माणसाची आजोबा-पणजोबा आहेत, असा या विचाराचा अर्थ पुष्कळांनी करून घेतला. वास्तविक शास्त्र तसे सांगत नाही. एकाच आजोबांची नातवंडे जशी परस्परांची चुलतभावंडे असतात, त्याप्रमाणे माणूस व वानर यांचे पूर्वज फार फार प्राचीन काळी एकच होते, इतकेच ते सांगते. परंतु हा भेद ध्यानात घेण्याइतका धीर फार थोड्यांपाशी होता.

टेनेसीच्या विधिमंडळात जॉन बटलर नावाचे एक शेतकरी सभासद होते. ते सरळमार्गी व श्रद्धाळू गृहस्थ होते. बायबलमध्ये सांगितलेली मनुष्याच्या निर्मितीची कथा अक्षरशः खरी आहे, अशी त्यांची दृढ समजूत होती. शाळेत उत्क्रांतिवाद शिकून मुलांची श्रद्धा डळमळेल, या भीतीने त्यांनी एक विधेयक मांडले. जो शिक्षक सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही शाळेत बायबलातील निर्मितिकथा नाकारील आणि मनुष्य खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे शिकवील, त्याला शंभर ते पाचशे डॉलर दंड करावा, असे त्यात म्हटले होते. कनिष्ठ सभागृहात त्याच्या बाजूने ७१ व विरुद्ध केवळ ५ मते पडली. मार्च १९२५ मध्ये राज्यपालांची सही होऊन त्याचा कायदा झाला.

येथे एक मौजेची गोष्ट घडली. टेनेसीच्या शाळांसाठी राज्याने जे जीवशास्त्राचे पुस्तक मंजूर केले होते, त्यातच उत्क्रांतीची माहिती दिलेली होती. म्हणजे तेच पुस्तक वापरावे असा सरकारचा नियम, आणि त्यातील एक भाग शिकवू नये असा सरकारचाच कायदा! शिक्षकाने कोणती आज्ञा पाळावी?

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरिकांच्या स्वातंत्र्यासाठी झटणारी संस्था. हा कायदा न्याय्य आहे की नाही याची परीक्षा न्यायालयात व्हावी, असे तिला वाटले. जो शिक्षक यासाठी पुढे येईल त्याचा खर्च आपण सोसू, असे तिने वृत्तपत्रांतून जाहीर केले. ते वाचून डेटनमधील काही मंडळी औषधांच्या एका दुकानात जमली. असा खटला आपल्या गावात चालला तर गावाचे नाव होईल, चार पाहुणे येतील, व्यापार वाढेल, हा व्यवहारी विचारही त्यांच्या मनात होता. त्यांनी स्कोप्सला बोलावणे पाठविले. तो त्या वेळी टेनिस खेळत होता; घामाने भिजलेल्या अंगाने तसाच आला.

स्कोप्स हा मूळचा जीवशास्त्राचा शिक्षक नव्हे. तो मुलांना खेळ शिकवी व इतर विषयांचे तास घेई. जीवशास्त्राचे शिक्षक आजारी पडले तेव्हा काही दिवस त्याने त्यांच्या जागी मुलांची उजळणी करून घेतली होती. त्याच दुकानात शाळेची पुस्तकेही विकावयास असत. स्कोप्सने तेथील फळीवरून ते मंजूर पुस्तक काढले आणि उत्क्रांतीचा भाग दाखविला. हे वगळून जीवशास्त्र शिकविताच येत नाही, असे त्याने सांगितले. “मग तू कायदा मोडला आहेस,” असे मंडळी म्हणाली. आपल्यावर खटला होऊ देण्यास तो तयार आहे काय, असे त्यांनी विचारले. स्कोप्सने क्षणभर विचार केला व होकार दिला. होकार देऊन तो पुन्हा खेळावयास निघून गेला. या एका शब्दाने आपले नाव जगभर होणार आहे, याची त्याला कल्पनाही नव्हती.

१० जुलै १९२५ रोजी खटल्यास आरंभ झाला. सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले. ते तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि देशाचे परराष्ट्रमंत्रीही होऊन गेले होते. त्यांच्या वक्तृत्वाची ख्याती सर्वदूर पसरली होती. स्कोप्सच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो हे तितकेच नामांकित वकील आले.

ब्रायन हे दुष्ट गृहस्थ होते असे कोणी समजू नये. शेतकऱ्यांचे दैन्य दूर व्हावे, स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, यासाठी त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले होते. जीवनाच्या झगड्यात जो तगून राहील त्याचीच जात पुढे चालते, असे ऐकल्यावर लोक दुबळ्यांना तुडवू लागतील, ही भीती त्यांना वाटत होती. ती अगदीच निराधार नव्हती, कारण काही माणसे डार्विनच्या नावाखाली तसे बोलूही लागली होती. परंतु ब्रायन यांचे चुकले ते येथे. निसर्गात काय घडते हे शास्त्र सांगते. माणसाने माणसाशी कसे वागावे हे त्याने आपल्या विवेकाने ठरवावयाचे असते. साप चावतो हे सांगणारा कोणी चावण्याचा उपदेश करीत नाही. एखाद्या सत्याचा कोणी दुरुपयोग करील म्हणून ते सत्यच नाकारले, तर दुरुपयोग थांबत नाही. केवळ अज्ञान वाढते.

ब्रायन यांचा दुसरा मुद्दा असा होता की, ज्या लोकांच्या पैशावर शाळा चालते, त्यांनीच तेथे काय शिकवावे हे ठरवावे. हा मुद्दा वरवर पाहता बिनतोड वाटतो. शाळा कोठे असावी, तेथे कोणते विषय असावेत, हे लोकांनी ठरविणे योग्यच आहे. परंतु विषयातील तथ्य काय, हे मते मोजून ठरत नाही. पृथ्वी सपाट आहे असे गावातील सगळ्यांनी हात वर करून ठरविले, तरी तिची गोलाई तसूभरही कमी होत नाही. विधिमंडळातील ७१ मते कायदा करू शकली. निसर्गाच्या इतिहासातील एक दिवसही त्यांना बदलता आला नाही.

खटल्यात सरकारतर्फे साक्ष देण्यास दोन विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. त्यांपैकी हॉवर्ड मॉर्गन हा अवघा चौदा वर्षांचा होता. मोठमोठ्या वकिलांसमोर तो शपथ घेऊन उभा राहिला. गुरुजींनी काय शिकविले, असे त्याला विचारले गेले. त्याने आठवेल तसे सांगितले : पृथ्वी एके काळी तप्त गोळा होती, ती निवाली तेव्हा समुद्रात एका पेशीचा सूक्ष्म जीव उत्पन्न झाला, त्यात बदल होत होत मोठे प्राणी झाले, काही जमिनीवर आले, आणि पुढे त्याच ओघात माणूस झाला. मांजर, कुत्रा, घोडा, गाय यांच्याप्रमाणे माणूसही सस्तन प्राणी आहे, असेही गुरुजींनी शिकविल्याचे तो म्हणाला.

मग डॅरो उलटतपासणीस उठले. स्कोप्सने याखेरीज काही वाईट शिकविले काय, असे त्यांनी विचारले. तसे काही आठवत नाही, असे मुलगा म्हणाला. या शिकवण्याने तुझे काही नुकसान तर झाले नाही ना, असा अखेरचा प्रश्न त्यांनी केला.

“नाही, महाराज,” मुलाने उत्तर दिले.

दुसऱ्या विद्यार्थ्याचीही अशीच साक्ष झाली. सर्व जीव एका पेशीपासून निघाले असे ऐकल्यावरही तुझी चर्चवरील श्रद्धा कायम आहे काय, या प्रश्नाला त्याने होकारार्थी उत्तर दिले. ज्या मुलांच्या रक्षणासाठी कायदा केला होता, त्यांना कशापासूनही रक्षण करण्याची गरज पडलेली नव्हती!

स्कोप्सच्या बाजूने साक्ष देण्यासाठी अनेक शास्त्रज्ञ डेटनला आले होते. त्यांच्यापैकी मेनार्ड मेटकाफ या प्राणिशास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीच्या गैरहजेरीत घेण्यात आली. उत्क्रांती घडली याविषयी आपल्या मनात शंका नाही. ती कोणत्या रीतीने घडली, याविषयी मात्र शास्त्रज्ञांमध्ये विचारविनिमय चालू आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. न्यायाधीश रॉल्स्टन यांनी मात्र शास्त्रज्ञांच्या साक्षी ज्यूरीपुढे होऊ देण्यास नकार दिला. स्कोप्सने कायदा मोडला की नाही एवढाच प्रश्न आहे. उत्क्रांतिवाद खरा की खोटा हा प्रश्नच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढा गाजावाजा झाला, तिचा पुरावा काय, हे ऐकण्याचीच मनाई झाली. शास्त्राला नाकारणारे बहुधा याच वाटेने जातात. ते पुराव्याला उत्तर देत नाहीत. पुरावा ऐकण्याचेच टाळतात.

त्या प्रसंगी स्कोप्सचे दुसरे वकील डडली मॅलोन यांनी जे भाषण केले, ते ऐकून विरुद्ध मताच्या श्रोत्यांनीही टाळ्या वाजविल्या. सत्याला कायद्याच्या किंवा सरकारच्या टेकूची गरज नसते. मुलांची मने मोकळी राहू द्या, आम्हांला सत्याचे भय वाटत नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

२० जुलै रोजी गर्दी व उकाडा यांमुळे न्यायालय बाहेरच्या हिरवळीवर भरविण्यात आले. तेथे डॅरो यांनी प्रत्यक्ष ब्रायन यांनाच बायबलाचे जाणकार म्हणून साक्षीस बोलाविले. झाडांच्या सावलीत हजारो लोकांसमोर प्रश्नोत्तरे सुरू झाली. जगाची निर्मिती सहा दिवसांत झाली म्हणता, तर ते दिवस चोवीस तासांचेच होते काय, असे डॅरो यांनी विचारले. ते तसेच असावेत असे नाही, ते दीर्घ कालखंडही असू शकतील, असे ब्रायन यांना मान्य करावे लागले. पवित्र ग्रंथाचा अर्थ लावताना स्वतः ब्रायनही अक्षराला चिकटून राहू शकले नाहीत. मग तोच अर्थ कायद्याच्या बळावर दुसऱ्यांवर कसा लादावयाचा? दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ही सर्व साक्ष दप्तरातून काढून टाकली.

२१ जुलै रोजी ज्यूरीने अवघ्या नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरविले. डॅरो यांची इच्छाही तीच होती. कारण त्याशिवाय वरिष्ठ न्यायालयात दाद मागता आली नसती. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. काही सांगावयाचे आहे काय, असे विचारल्यावर तो प्रथमच बोलावयास उभा राहिला. हा कायदा अन्यायाचा आहे आणि आपण यापुढेही त्याला विरोध करीत राहू, असे त्याने शांतपणे सांगितले. १९२७ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला, पण तो केवळ तांत्रिक कारणासाठी. दंडाची रक्कम ज्यूरीने ठरवावयास हवी होती, ती न्यायाधीशांनी ठरविली, एवढीच चूक त्या न्यायालयाला दिसली. कायदा मात्र कायम राहिला.

ब्रायन खटल्यानंतर पाचच दिवसांनी डेटन येथे झोपेत वारले. स्कोप्सने शिक्षकाचा पेशा सोडला. शास्त्रज्ञांनी वर्गणी काढून त्याच्या पुढील शिक्षणाची सोय केली. त्याने शिकागो येथे भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला, आणि ज्या खडकांत पृथ्वीचा प्राचीन इतिहास लिहिलेला आहे, त्या खडकांच्या सहवासात आपले पुढील आयुष्य घालविले.

शंभर डॉलरचा दंड रद्द झाला खरा. परंतु त्याहून मोठा दंड विद्यार्थ्यांनी भरला. टेनेसीच्या पाठोपाठ मिसिसिपी व आर्कान्सा या राज्यांनीही तसेच कायदे केले. प्रकाशक घाबरले. आपले पुस्तक शाळांनी नाकारू नये म्हणून अनेकांनी उत्क्रांतीचा भाग आखडता घेतला, किंवा तो शब्दच गाळला. स्कोप्सने वापरलेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतूनही तो नाहीसा झाला. कोणा शिक्षकाला पुन्हा न्यायालयात ओढावे लागले नाही. पाने मुकाट्याने गळून पडली. पुढे सुमारे तीस-पस्तीस वर्षे अमेरिकेतील कितीतरी मुले सजीवांच्या अभ्यासातील मुख्य सूत्रच न शिकता शाळेतून बाहेर पडली. आपल्याला काय शिकविले नाही, हे त्यांना कळण्याचाही मार्ग नव्हता. नाकारण्यापेक्षा गाळणे अधिक घातक असते ते यामुळेच.

त्या जुन्या पुस्तकात सर्वच काही बरोबर होते असे मात्र नाही. मानववंशांत काही श्रेष्ठ व काही कनिष्ठ आहेत, असे त्यात लिहिलेले होते. हे सर्वस्वी चुकीचे होते. पुढील संशोधनाने त्याला कसलाही आधार नसल्याचे सिद्ध केले आणि शास्त्राने ते मत टाकून दिले. शास्त्र आणि आग्रह यांतील अंतर येथे दिसते. शास्त्राचेही चुकते, पण पुरावा पुढे आला की ते स्वतःची चूक स्वतःच खोडते. आग्रहाला मात्र पुरावाच नको असतो.

इकडे शाळेतील पाने गळत होती, तरी खडकांतील पाने उलगडली जात होती. देवमाशाचेच उदाहरण घ्या. देवमासा पाण्यात राहतो, परंतु तो मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो व पिलांना दूध पाजतो. त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत माणसाच्या हाताप्रमाणेच दंडाचे, मनगटाचे व बोटांचे हाड असते. एवढेच नव्हे, तर कित्येक देवमाशांच्या मांसात मागच्या पायांची लहानशी हाडे लपलेली असतात. यावरून त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे चतुष्पाद प्राणी असले पाहिजेत, असे शास्त्रज्ञ म्हणत. विरोधक विचारीत, “असे असेल तर पायांचा देवमासा दाखवा की!”

बराच काळ तो दाखविता आला नाही. परंतु १९८१ साली पाकिस्तानात सापडलेल्या एका चतुष्पाद प्राण्याच्या जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या कानासारखे होते. १९९४ साली त्याच देशातील दुसऱ्या एका जीवाश्माची माहिती पुढे आली. हा प्राणी चालूही शकत असे आणि पोहूही शकत असे. हे दोन्ही प्राणी सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या देशात गुजरातमधील कच्छच्या खडकांतूनही प्राचीन देवमाशांचे असे अवशेष मिळाले आहेत. ज्यांनी “दाखवा” म्हटले होते, त्यांच्यापुढे पुरावा आला. त्यांतील जे खरे शंकेखोर होते त्यांची शंका फिटली. ज्यांना नाकारावयाचेच होते, ते दुसरी सबब शोधू लागले.

शंका घेणे आणि नाकारणे या दोन गोष्टी दिसावयास सारख्या, पण स्वभावाने अगदी भिन्न आहेत. शंका घेणारा म्हणतो, “मला दाखवा, म्हणजे मी मानीन.” नाकारणारा म्हणतो, “तुम्ही काहीही दाखवा, मी मानणार नाही.” पहिला शास्त्राचा मित्र आहे, किंबहुना त्याच्यावाचून शास्त्र एक पाऊलही पुढे जात नाही. डार्विनने स्वतःच्या मतावर जितक्या शंका घेतल्या, तितक्या त्याच्या विरोधकांनीही घेतल्या नसतील. दुसऱ्याला मात्र प्रश्नाचे उत्तर नको असते. त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते.

कायद्याची ती भिंतही पुढे ढासळली. १९५७ साली रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, तेव्हा आपल्या शाळांतील विज्ञानशिक्षण मागे पडले आहे, याची जाणीव अमेरिकेला झाली. शास्त्रज्ञांनी स्वतः लक्ष घालून नवी पुस्तके तयार केली, आणि जीवशास्त्राच्या पुस्तकांत उत्क्रांती परत आली. १९६७ मध्ये टेनेसीने आपला कायदा रद्द केला. तो दिवस पाहण्यास स्कोप्स हयात होता. आर्कान्सामधील सूझन एपर्सन या शिक्षिकेने तेथील कायद्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९६८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला.

म्हणून वाद कायमचा मिटला असे नाही. २००४ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या गावच्या शाळा मंडळाने ठरविले की, जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवावे, आणि उत्क्रांतिवाद हे पक्के सत्य नव्हे असे त्यात सांगावे. तेथील विज्ञानशिक्षकांनी ते निवेदन वाचण्यास नकार दिला. मुलांना जे शास्त्र नाही ते शास्त्र म्हणून सांगणे आपल्या कर्तव्याविरुद्ध आहे, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचले. काही पालक न्यायालयात गेले. या वेळी शास्त्रज्ञांना साक्ष देण्यास कोणी अडविले नाही. अनेक दिवस पुराव्यांची छाननी झाली, आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीशांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. डेटनमध्ये पुराव्याला दार बंद होते. ऐंशी वर्षांनी डोव्हरमध्ये ते उघडले, आणि निकाल बदलला.

विज्ञानाच्या शिक्षकापुढील खरे आव्हान यातून ध्यानात येते. मुलांनी सिद्धान्त पाठ केले म्हणजे विज्ञान शिकविले असे होत नाही. आज पुस्तकात आहे म्हणून जो उत्क्रांती मानतो, तो उद्या दुसऱ्या पुस्तकात नाही म्हणून ती सोडूनही देईल. हे आपल्याला कशावरून कळले, याहून वेगळे दिसले असते तर आपण काय मानले असते, आणि कोणता पुरावा आपले मत बदलू शकेल, हे तीन प्रश्न ज्या विद्यार्थ्याला विचारता येतात, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. असा विद्यार्थी घडविणे हे काम कोणत्याही कायद्याने होत नाही, आणि एकदा तो घडला म्हणजे कोणत्याही कायद्याने त्याला अडविताही येत नाही.

डेटनच्या त्या उकाड्यात कितीतरी मोठी भाषणे झाली. देशातील नावाजलेले वक्ते तासन्‌तास बोलले. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्या चौदा वर्षांच्या मुलाला फारच थोडे बोलावयाचे होते. नव्या ज्ञानाने तुझे काही नुकसान झाले काय, या प्रश्नावर त्याने दिलेल्या दोन शब्दांच्या उत्तरानेच खरे तर त्या खटल्याचा निकाल लागला होता.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) जॉन स्कोप्सवर कोणता आरोप होता?
(आ) बटलर यांना आपले विधेयक मांडावेसे का वाटले?
(इ) सरकारचा नियम व सरकारचा कायदा यांत कोणता विरोध होता?
(ई) हॉवर्ड मॉर्गनने न्यायालयात काय सांगितले?

२. सविस्तर उत्तरे लिहा :
(अ) शाळेत काय शिकवावे याविषयी ब्रायन यांचा मुद्दा कोणता? त्यातील कोणता भाग तुम्हांला पटतो व कोणता पटत नाही? कारणे द्या.
(आ) ‘नाकारण्यापेक्षा गाळणे अधिक घातक असते,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(इ) देवमाशाचे पूर्वज जमिनीवर राहत होते, हे कोणकोणत्या पुराव्यांवरून समजते?

३. शंका घेणारा व नाकारणारा यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन सांगा.

४. पुढील शब्दसमूहांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा : दाद मागणे, हातोहात विकले जाणे, धक्का बसणे, आखडता घेणे.

५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : न्याय्य, श्रद्धा, प्राचीन, उपयोगी, ज्ञान.

६. तुम्हांला खरी वाटणारी, पण तुम्ही स्वतः कधीच पडताळून न पाहिलेली एक गोष्ट निवडा. ती कशी पडताळता येईल, हे दहा ओळींत लिहा.